बाबा, ते वाक्य माझं आहे

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

पाकीट पाहून आई घाबरेल, म्हणून आधीच सांगतो. तब्येत ठीक आहे, घरमालकाशी भांडण नाही आणि लग्नाचंही परस्पर काही ठरवलेलं नाही. फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, मागे कुकर शिट्ट्या मारतो, बाबा 'हां बोल, हां बोल' करत निम्मं ऐकतात आणि गाडी 'जेवला का?' वर येऊन थांबते. हे निम्मं ऐकून चालणार नाही. शिवाय तोंडाने सांगायची हिंमत होत नाही, तेही आहेच.

बाबा, मागच्या महिन्यात तुम्ही मला एलॉन मस्कचा एक व्हिडिओ पाठवला होता. रॉकेट वर जातंय, मागे नगारे वाजतायत आणि एक भारदस्त आवाज सांगतोय की हा माणूस दोन दिवसांत कॉलेज सोडून निघाला आणि त्याने जग बदललं. खाली तुम्ही लिहिलं होतं, 'बेटा, जरूर पाहणे. शिकण्यासारखं आहे.'

तो व्हिडिओ मी लिहिला आहे.

आवाज माझा नाही, तो संगणकाने तयार केलेला आहे. चित्रं इकडून तिकडून जमवलेली. पण शब्द सगळे माझे. शेवटी मस्कच्या फोटोखाली जे वाक्य येतं, 'लोक झोपतात तेव्हा मी घडतो', ते त्याने कधीच म्हटलेलं नाही. ते मी एका रविवारी सकाळी साडेदहाला उठून, दात न घासता लिहिलं. ताई सांगत होती की तुम्ही ते डायरीत उतरवून घेतलंय आणि बागेतल्या हास्यक्लबात वाचूनही दाखवलंत. त्या रात्री मला झोप आली नाही. घडलो मात्र काही नाही.

आता हे काम माझ्याकडे कसं आलं तेही सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी 'कंपनी बदलली' असं मी सांगितलं होतं. बदलली नव्हती. आमच्या सगळ्या टीमला एका दुपारी घरी पाठवलं होतं. पुढचे चार महिने साठवलेल्यावर काढले. आई, तेव्हा तू दोनदा म्हणालीस की आवाज बारीक येऊन राहिला, आणि मी नेटवर्कवर ढकललं. मग हे मिळालं. मोठ्या माणसांच्या यशाच्या गोष्टी मराठीत सांगणारं एक चॅनेल आहे. छोट्या व्हिडिओच्या मजकुराचे ३०० रुपये, मोठ्याचे १,२००. आता दुसरं कामही आहे, बरं चाललंय, काळजी करू नका. पण हे सोडलेलं नाही, कारण पैसे वेळेवर येतात.

कोणावर लिहायचं हे मी ठरवत नाही, आकडे ठरवतात. कुठल्या नावावर माणूस थांबला, कितव्या सेकंदाला निघून गेला, सगळं दिसतं. बाबा, मी एकदा जीव ओतून विश्वेश्वरय्यांवर लिहिलं होतं, खरं तर तुमच्यासाठीच. १९०३ साली खडकवासल्याला त्यांनी पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, त्याचं पेटंट घेतलं, हे सगळं. मी स्वतः धरणावर जाऊन आलो होतो. लोक अकराव्या सेकंदाला उठून गेले. त्याच आठवड्यात 'मस्क किती तास झोपतो' हे मी वीस मिनिटांत खरडलं आणि ते आमच्या चॅनेलचं वर्षातलं सगळ्यात जास्त चाललेलं ठरलं. तेव्हापासून दर आठवड्याला एक तरी मस्क लागतोच. तो काय खातो, तो काय वाचतो, तो गरिबांना काय सांगतो.

याच माणसाचं नाव इतकं का चालतं, यावर मी बराच विचार केला, कारण माझं पोटच त्यावर आहे. एक म्हणजे तो सतत समोर असतो. इतर मोठे उद्योगपती पत्रक काढतात, हा स्वतःच बोलतो. २००९ पासून ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, आहे. थट्टा करतो, भांडतो, पोरासोरांसारखी चित्रं टाकतो. त्याच्या गाड्यांच्या कंपनीने, टेस्लाने, कित्येक वर्षं जाहिरातीवर जवळपास पैसाच खर्च केला नाही. थोडी जाहिरात करून बघू, असं त्याने मान्य केलं ते थेट २०२३ मध्ये. तोवर मालकाचं तोंड हीच जाहिरात, आणि ती आमच्यासारखे लोक गावोगाव फुकटात लावत होते.

ते तोंड त्याला महागातही पडलंय. २०१८ मध्ये त्याने ट्विटरवर लिहिलं की ४२० डॉलरच्या भावाने सगळे शेअर घेऊन कंपनी खासगी करतोय, पैशाची सोय झालीय. सोय तशी झालेली नव्हती. तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाशी तडजोड करताना त्याला २ कोटी डॉलर भरावे लागले, कंपनीलाही तेवढेच, आणि ३ वर्षं अध्यक्षपद सोडावं लागलं. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. याने ऑक्टोबर २०२२ मध्ये ४,४०० कोटी डॉलर मोजून अख्खं ट्विटरच विकत घेतलं. पुढच्या मार्चमध्ये ओबामांना मागे टाकून तिथला सगळ्यात जास्त अनुयायी असलेला माणूस कोण झाला? हाच. दुकान त्याचं, तराजू त्याचा, आणि सगळ्यात जास्त खपणारा मालही तोच.

नागपूरकर म्हणून मला वाटतं, माणूस खरा किती प्रसिद्ध झाला ते मारबतीच्या दिवशी कळतं. ज्याचा बडग्या, म्हणजे कागदाचा पुतळा, मिरवणुकीत निघाला तो खरा मोठा. लहानपणी तुम्ही खांद्यावर बसवून महाल भागात नेत होतात, आणि कोणाचा बडग्या आलाय हे मी वरून ओरडून सांगायचो. आदल्या वर्षी ज्याचे पोस्टर लागले तोच पुढच्या वर्षी कागदाचा होऊन यायचा, आणि लोक दोन्ही वेळा तेवढ्याच जोरात ओरडायचे. मस्कचंही तिकडे तसंच होऊन राहिलंय. निम्मे लोक पूजा करतात, निम्मे 'घेऊन जा गे मारबत' म्हणतात, आणि आमच्या आकड्यांत दोघांचीही मोजणी सारखीच होते. शिव्या घालायला आलेला माणूसही थांबतो तर थांबतोच ना.

म्हणून तो माणूस खोटा आहे असं समजू नका. तेही मला सांगायचंय. फेब्रुवारी २०१८ आठवतं का? मी घरी आलो होतो. त्याच्या मोठ्या रॉकेटने त्याची स्वतःचीच लाल गाडी अवकाशात नेली होती, आत अंतराळवीराचे कपडे घातलेला पुतळा. मी फोन तुमच्या समोर धरला. आईने विचारलं, 'आता ती परत कशी आणणार?' तुम्ही विचारलंत, 'टायरात हवा ठेवली का बे यांनी?' मला तेव्हा हसू आलं होतं, पण आजही त्या व्हिडिओवरचा तो सगळ्यात चांगला प्रश्न आहे. मग दोन रॉकेटं आकाशातून सोबत खाली आली आणि शेजारी शेजारी उभी राहिली. तुम्ही खुर्चीतून उठलात. मीही. ते दृश्य कोणी लिहिलेलं नव्हतं, ते झालं होतं. जळून समुद्रात जाणारं यंत्र परत आणून उभं करायचं हे त्यांनी पहिल्यांदा साधलं ते डिसेंबर २०१५ मध्ये, आणि त्याआधी बरंच काही फोडलं होतं.

त्या दिवशीचंच घ्या. रॉकेटं तीन होती, दोन नव्हे. मधलं तिसरं समुद्रातल्या तराफ्यावर उतरायचं होतं, ते चुकलं आणि पाण्यात आदळलं. आमच्या व्हिडिओत तुम्हाला दोनच दिसतात. तिसरं मी कापलं.

माझं काम म्हणजे मुख्यतः हे कापणंच आहे. टेस्ला ही कंपनी मस्कने काढली, असं मी सात-आठ व्हिडिओंत लिहिलंय. ती २००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग या दोन इंजिनिअरांनी काढली. मस्क २००४ मध्ये आला. पैसा घेऊन आला. त्या फेरीतले बहुतेक पैसे त्याचेच होते. पुढे भांडण कोर्टात गेलं आणि २००९ मध्ये तडजोड झाली की पाच जणांनी स्वतःला संस्थापक म्हणवायचं. पाच नावं एका मिनिटात बसत नाहीत. स्पेसएक्स या त्याच्या रॉकेटच्या कंपनीत इंजिनामागे टॉम म्युलर नावाचा माणूस होता आणि कंपनीचा रोजचा गाडा ग्वेन शॉटवेल नावाची बाई हाकते, २००८ पासून ती अध्यक्ष आहे. यांच्यावर मी एकही ओळ लिहिली नाही. नवीन नाव आलं की लोक बोट वर सरकवतात.

बाबा, सगळ्यात चिडाल तुम्ही यावर. आमच्या गोष्टीत २००८ साल येतं. तीन रॉकेटं वाया गेली, पैसा संपला, चौथं उडालं, मग नगारे. हे खरं आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरात नासाने त्याला सामान पोचवण्याचं १६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं, आणि कंपनी उभी राहिली ती त्यावर. नासा म्हणजे सरकार. टेस्लालाही २०१० मध्ये सरकारी खात्याचं ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. ते त्यांनी मुदतीच्या कितीतरी आधी, २०१३ मध्ये फेडलं, हेही सांगायला हवं. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या. वरून निरोप आला, 'सरकार काढ, गोष्टीची हवा जाते.' ज्या माणसाने कोराडीच्या वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, सरकारी वीज बोर्डाच्या पगारावर आम्हाला शिकवलं, त्याच्या मुलाने सरकार काढलं. ३०० रुपयांत.

आता ताईच्या अथर्वचं. हे पत्र खरं तर त्याच्यासाठीच आहे.

ताई तीन आठवड्यांपासून तुमच्याशी बोलत नाही, हे मला आईकडून कळलं. का, ते ताईकडून कळलं. अथर्वला इंजिनिअरिंग सोडून ॲप काढायचंय, तिसऱ्या वर्षाची फी भरायची नाही म्हणतो, आणि घरात सगळे एका बाजूला असताना आजोबा त्याच्या बाजूने उभे राहिले. म्हणालात, 'मस्कनेही सोडलंच होतं ना!' आणि पुरावा म्हणून तो व्हिडिओ लावलात. माझा. ताईला वाटतं बाबांना या वयात फोनचं वेड लागलंय. तिने मला सांगितलं, 'तू तरी समजाव त्यांना.' मी 'हो' म्हणालो आणि फोन ठेवून पाणी प्यालो.

तर ऐका. मस्कने सोडली ती पीएच.डी. स्टॅनफर्डची, १९९५ मध्ये. त्याआधी तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकला, दोन्हींच्या पदव्या त्याच्याकडे आहेत. बारा वर्षांचा असताना त्याने स्वतः लिहिलेला संगणकाचा एक खेळ विकला होता. स्टॅनफर्ड सोडून त्याने भावासोबत जी कंपनी काढली ती १९९९ मध्ये ३० कोटी डॉलरांच्या आसपास विकली गेली. म्हणजे दोन विषय बॅक असताना कंटाळा आला म्हणून उठलेला पोरगा तो नव्हता. मूळ मजकुरात मी 'पीएच.डी.' लिहिलं होतं. नंतर 'कॉलेज' केलं. एका शब्दाचा फरक, पण पहिल्यापेक्षा दुसरं कितीतरी जास्त चालतं, हे मला माहीत होतं. आपल्याच घरात चालेल हे माहीत नव्हतं.

उन्हाळ्यात गच्चीवर कूलर काढून तुम्ही मला मोटर उघडून दाखवायचात. वाळ्याच्या ताट्या एकीकडे वाळत, आईच्या जुन्या परातीत स्क्रू. आतल्या रोटरला तार कुठेच जोडलेली नाही, तरी तो फिरतो, कारण बाहेरचं चुंबकीय क्षेत्र त्याला फिरवतं. आणि तो बाहेरच्याला कधीच गाठत नाही, थोडा मागेच राहतो. त्याला स्लिप म्हणतात, हे मला सहावीत माहीत होतं. निकोला टेस्लाची ही इंडक्शन मोटर १८८८ च्या पेटंटची, आणि मस्कच्या पहिल्या गाडीत त्याच जातीची मोटर होती, तीन फेजची. तुम्ही मला एकदा फोनवर विचारलं होतं, 'त्याच्या गाडीत इंडक्शन मोटरच असते का बे?' मी 'हो हो' म्हणून विषय टाळला. खरं उत्तर असं की आधीच्या गाड्यांत होती, पुढे मॉडेल ३ मध्ये त्यांनी कायम चुंबकाची घेतली. हा प्रश्न आमच्या व्हिडिओखाली कोणी विचारलेला मी तरी पाहिलेला नाही. तिथे 'जय हो मस्क भाऊ' लिहितात.

अथर्वचा सध्या रोटर झालाय. मस्कशी त्याची कुठली तार जोडलेली नाही, पण फिरतोय. त्याला ओरडू नका. तुम्ही ओरडलात तर तो म्हणेल आजोबाही बदलले. त्याला फक्त सांगा की तो व्हिडिओ मामाने लिहिलाय आणि मामाकडे ये. ॲप काढायला माझी ना नाही. कशाचं काढणार ते अजून त्यालाच सांगता येत नाही, इतकंच. फीची शेवटची तारीख तीस आहे. पहिला हप्ता मी भरतो. त्या व्हिडिओचे पैसे मिळाले होते, ते त्यात जाऊ देत. तीनशे रुपयांनी काय होणार, पण माझ्या मनाला बरं वाटेल.

तुमच्या भाषणाचंही बघावं लागेल. १५ सप्टेंबरला ज्येष्ठ नागरिक मंडळात अभियंता दिनाला तुम्ही मस्कवर बोलणार आहात आणि मुद्दे व्हिडिओवरून काढलेत, असं आई म्हणाली. बाबा, बोला, पण ते मुद्दे घेऊ नका. वरचं सगळं हवं तर घ्या, तारखा मी तपासल्या आहेत. त्यापेक्षा कोराडीत १२० मेगावॅटचा सेट एकदा भर मे महिन्यात रात्री ट्रिप झाला होता आणि तुम्ही लोक सकाळी दहाला घरी आला होतात, ते सांगाल तर मला जास्त आवडेल. मला ते नीट कधीच ऐकायला मिळालं नाही. त्या दिवशी तुम्ही आल्या आल्या झोपलात. आता मंडळी म्हणतील की यात मस्क कुठे आहे? म्हणू द्या. विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस आहे तो.

आई, तुला वेगळं सांगायचंय. बाबांचा या चेहऱ्यावर विश्वास बसलाय, आणि तो मीच बसवलाय, म्हणून भीती वाटते. मस्कचा चेहरा आणि आवाज लावून 'इतके पैसे टाका, दुप्पट परत' म्हणणारे व्हिडिओ फिरतात. २०२० मध्ये तर त्याचं खरं ट्विटर खातंच फोडून चोरांनी हेच लिहिलं होतं, ओबामा आणि बिल गेट्सच्या खात्यांवरूनही. आपल्याकडे नारायण मूर्तींचे असे खोटे व्हिडिओ निघाले आणि त्यांना स्वतः सांगावं लागलं की तो मी नव्हेच. असं काही बाबांच्या फोनवर दिसलं तर पेन्शनच्या खात्याचं कार्ड तुझ्या पोळ्यांच्या डब्यात टाक आणि मला फोन कर. चुकून काही गेलंच तर लगेच १९३० वर फोन करायचा, वाट पाहायची नाही. नंबर फ्रिजवर चिकटव, तो संत्र्याचा लोहचुंबक आहे ना, त्याखाली.

चॅनेलवाल्यांना मी सांगितलंय की तो व्हिडिओ काढा. ते म्हणाले, इतका चाललेला व्हिडिओ कोणी काढतं का? मग मी म्हटलं, निदान 'कॉलेज'च्या जागी 'पीएच.डी.' करा. त्यावर अजून उत्तर नाही. पुढच्या महिन्याचं काम त्यांच्याकडून घ्यायचं की नाही, ते मी ठरवलेलं नाही. भाड्याचा प्रश्न आहे. खोटं कशाला सांगू.

मारबतीला येतोय. शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय, सकाळी घरी पोचेन. तर्री-पोहे बाहेरच खाऊ, आईने उठून काही करू नये. कूलरची मोटर मागच्या वेळी घरघर करत होती, ती अजून उघडली नसेल तर मी येईपर्यंत ठेवा, सोबत उघडू.

आणि बाबा, डायरीतलं ते वाक्य खोडू नका. खाली 'एलॉन मस्क' लिहिलंय ते तेवढं कापा आणि माझं नाव घाला. सोबत वेळही टाका, सकाळी साडेदहा.

तुमचा,
पिंट्या

ता. क. – हे पत्र आधी आईने वाचावं, मग ताईला बोलावून तिच्यासमोर बाबांना वाचून दाखवावं. फोटो काढून ग्रुपवर टाकू नये.